चारूजवळ आहे

बाबांची तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि मी पहिलं काम हाती घेतलं ते त्यांच्या पोस्टरांचं. १९८१चा फेब्रुवारी होता. प्रताप नगरातलं आमचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत, लोखंडी पलंगाखाली, ती गुंडाळून ठेवलेली होती. प्रत्येक गुंडाळी जुन्या धोतराच्या पट्टीनं बांधलेली. भिंतीवरून उतरवलेलं एक धरून मोजली तेव्हा एकशे सोळा भरली.

बाबा, म्हणजे ताराचंद धकाते, संग्रहालयात शिपाई होते. नागपुरात त्या जागेला सगळे अजबबंगलाच म्हणतात. दिल्ली, मुंबई, बडोदा इथल्या चित्रप्रदर्शनांची पोस्टरं तिथे टपालानं येत. कधीकधी परदेशातली, बुडापेस्टची, बर्लिनचीही. ती फलकावर लावायची आणि प्रदर्शनाची शेवटची तारीख उलटली की उतरवायची, हे बाबांचं काम. उतरवलेली पोस्टरं साहेबांना विचारून ते घरी आणत. सगळी नाही. ज्यात माणूस असेल तीच. नुसते रंगांचे पट्टे आणि चौकोन असले की म्हणत, "हे राहू दे. याच्यात कोणी राहत नाही."

आणलेलं पोस्टर ते खळ लावून जुन्या मलमलीवर चिकटवत. खळ म्हणजे कोष्टी लोक धाग्याला देतात ती पातळ पेज. माग विकून बाबांनी खाकी कपडे घातले त्याला तीस वर्षं होत आली होती, पण खळ मात्र अजून तशीच शिजायची. तिचा आंबूस वास आमच्या घराला कायम असे.

पलंगासमोरच्या भिंतीवर एका पोस्टरापुरती जागा होती. दोन खिळे, वर बांबूची पट्टी. नवं पोस्टर आलं की ते जुन्यावर टांगायचं आणि मग खालून जुनं ओढून काढायचं. भिंत क्षणभरही उघडी राहता कामा नये. लहानपणी मला हा त्यांचा विक्षिप्तपणा वाटे. पुढे कळलं की ती मागावरची सवय आहे. लुगडं विणून झालं तरी कोष्टी ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, पूर्ण कापत नाही. हातभर जुने धागे फणीत ठेवतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकांना सांधतो. नवं कापड जुन्याच्या वाटेनं पुढे सरकतं. माग रिकामा करायचा नसतो.

मी तो केला. तेरवीच्या आधी खोलीला चुना मारून घेतला आणि भिंतीवरचं पोस्टर उतरवून कपाटावर टाकलं. दुःखाच्या दिवसांत हातांना काम लागतं, एवढंच त्यामागे होतं. आठवडाभर भिंत पांढरी राहिली.

यमुआत्याच्या ते लक्षात आलं. ही बाबांची थोरली बहीण, महाल भागात राहणारी. मी एकटी म्हणून महिनाभर माझ्याजवळ राहायला आली होती.

"काहून वं चारू, भिंत उघडी ठेवली?"

"चुना मारायचा होता, आत्या."

"मंग मारून झाल्याबरोबर टांगाचं होतं नं. तुह्या बापानं ठेवली काय कधी अशी? लायब्ररीतली सारी बुकं वाचली म्हणते, अन् कोष्ट्याची पोरगी असून एवढं नाही समजत."

मी सीताबर्डीवरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आत्याच्या लेखी माझ्या कुठल्याही चुकीचं कारण हेच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजी सायकलवरून आले. बाबांबरोबर वीस वर्षं काम केलेले. कॅरियरला पुठ्ठ्याची लांब नळी बांधलेली होती.

"ताराचंदजीच्या नावानं आलं," ते म्हणाले. "नेहमी आफिसच्या नावानं येते. या खेपेला नाव टाकून. साहेब म्हणले, पोरीले देऊन ये."

तिकिटं परदेशी होती आणि शिक्का पुसट. नळीतून निघालेल्या पोस्टरवरची लिपी रोमन, पण भाषा मला ओळखता आली नाही. चित्र साधं होतं. एका बाकावर एक बाई आपल्याकडे पाठ करून बसलेली. केस मानेवर सैल बांधलेले. अंगावर करडं काहीतरी, कोट असेल किंवा शाल. समोर फिकी भिंत.

नत्थूजींनी चहाची बशी खाली ठेवून ते नीट पाहिलं. "हे काय वं ताई, पाठच दाखवून राहिली. आपल्या आफिसातली टायपिस्टबाई अशीच बसते, काम घेऊन गेलं की."

आत्या बऱ्याच दिवसांनी हसली. नत्थूजी गेल्यावर मी खळ शिजवली, पोस्टर मलमलीवर चिकटवलं आणि वाळल्यावर भिंतीवर टांगलं. एकशे सतरावं.

मी ठरवलं होतं की पोस्टरं कुठल्यातरी संस्थेला द्यायची. घरात वाळवी लागते. कला महाविद्यालयात गिरिधर घाटे नावाचे अध्यापक होते, त्यांना कळवलं; त्यांनी आनंदानं होकार दिला. देण्याआधी यादी हवी म्हणून मी कॉलेजातून कोरी कार्डं आणली. शहर, वर्ष, चित्रकार, चित्रात काय आहे. सातवं-आठवं कार्ड लिहिताना पोस्टर उलटं झालं आणि मलमलीवर पेन्सिलीचं अक्षर दिसलं.

"हनुवटी." खाली तारीख, १२-३-५९.

अक्षर बाबांचं. चौथी शिकलेल्या माणसाचं, प्रत्येक अक्षरावर दाब देऊन लिहिलेलं. मग मी पलंगाखालची सगळीच उलटी करून पाहू लागले. प्रत्येकाच्या मागे काहीतरी होतं. "मान, थोडी उजवीकडे." "खांदे." "बसणं." "पदर खोचलेला." "हसण्याआधीचं तोंड." काहींवर शब्द लिहून खोडला होता आणि बाजूला "नाही" लिहिलं होतं. "डावा हात, अंगठा सोडून" हे वाचलं तेव्हा मला समजलं, आणि मी पलंगाला टेकून खाली बसले.

माझी आई कुसुमावती १९४८ साली विषमज्वरानं गेली. मी पाच वर्षांची होते. तिचा चेहरा मला आठवत नाही. फोटो एकच आहे, आमच्या घरातल्या कुठल्याशा लग्नातला. फोटोवाल्यानं काळ्या कापडाखाली डोकं घातलं नेमकी त्याच वेळी मी रडले, आणि आई माझ्याकडे वळली. फोटोत वीस-बावीस माणसं ताठ उभी आहेत आणि कडेला एका बाईची पाठ आहे.

बाबा वीस-पंचवीस वर्षं तिला जमवत होते. कोण्या बडोद्याच्या चित्रकाराकडून हात, कोण्या हंगेरियन माणसाकडून मान. मला कधी बोलले नाहीत. मी कधी विचारलंही नाही. आई कशी होती हे त्यांना विचारणं मला नेहमी क्रूर वाटलं. आता तिचा चेहरा ज्याच्या डोळ्यांत होता तो माणूसही गेला होता आणि तो चेहरा आता जगात कुठेच नव्हता. होता तो या चिंध्यांत, तुकड्यातुकड्यानं.

त्या संध्याकाळी मी आत्याला विचारलं.

"कशी म्हंजे?" ती ज्वारी निवडत होती. "बाईसारखी बाई. लई गोरी नाही, काळी नाही. सांगाले गेलं की तोंड डोळ्यापुढून जाते, पाहाय." तिनं एक खडा बाजूला टाकला. "तू तिच्यावर नाही गेली. तू आमच्यावर गेली. तिचं एकच आहे तुह्याजवळ, डाव्या कानामागचा तीळ. एवढाच्या एवढा. तुले न्हाऊ घालताना मले दरवेळी तिची याद ये."

तो तीळ मी कधी पाहिलेला नाही. दोन आरसे धरून कानामागे पाहण्याची मला कधी गरज वाटली नाही.

पुढच्या रविवारी घाटे आले. बारीक, चष्मेवाले, बोलताना हात मागे बांधणारे. त्यांनी एकेक पोस्टर अंथरून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी आधी हात रुमालाला पुसले. तेवढ्यावरूनच मला ते आवडले.

"तुमच्या वडिलांची नजर फार चांगली होती, बाई," ते म्हणाले. "यातली काही आता बडोद्यातसुद्धा मिळायची नाहीत."

एका पोस्टरापाशी ते थांबले. टेबलापाशी बसलेली, निळ्या लुगड्यातली बाई. १९६६चं.

"याची प्रत आमच्याकडे आहे. स्टाफरूमच्या बाहेरच लावली आहे, रोज पाहतो." ते वाकले. "गंमत आहे. आमच्या प्रतीत बाईचा डावा हात टेबलावर आहे, असं मला वाटतं."

या प्रतीत टेबल रिकामं होतं. हात पदराखाली गेला होता.

"दुसरी छपाई असेल," मी म्हणाले.

"असेल. पोस्टर कोणी दोनदा छापत नाही, पण असेल." त्यांनी ते पुन्हा गुंडाळलं, जरा सावकाश. पुढच्या रविवारी सकाळी दहाला टेम्पो घेऊन येतो म्हणाले. बुधवारी त्यांचं पोस्टकार्ड आलं. 'मुद्दाम पाहिलं. हात आहे. चार बोटं दिसतात, अंगठा टेबलाच्या कडेखाली. छपाईतलाच फरक असावा.'

मी ते पोस्टर उलटं केलं. "डावा हात, अंगठा सोडून."

मी पुराव्यावर विश्वास ठेवणारी बाई आहे. ग्रंथालयात पुस्तक हरवलं की मी आधी कार्ड पाहते, मग माणसाला विचारते. तेव्हा मी माझी कार्डं काढली. हनुवटीच्या पोस्टरबद्दल मीच लिहिलं होतं: 'तरुण बाई, समोरून, डोकं व चेहरा उघडा.' पोस्टरमधल्या बाईनं पदर हनुवटीवरून घेऊन दातांत धरला होता. 'बसणं' लिहिलेल्या पोस्टराच्या कार्डावर होतं: 'पायरीवर बसलेली स्त्री.' पायरी होती. स्त्री उभी होती.

कुठे खोडल्याची खूण नव्हती, कुठे रंग उडाला नव्हता. चित्रं पूर्ण होती. चित्रकारानं ती तशीच काढली असावीत इतकी पूर्ण.

खोलीत दुपारचं ऊन आलं होतं. मी मान वर केली आणि भिंतीकडे पाहिलं.

बाकावरच्या बाईची मान थोडी उजवीकडे झुकलेली होती.

ती आधीपासून तशीच असेल, असं मी स्वतःला सांगितलं. या पोस्टरचं कार्ड मी अजून लिहिलं नव्हतं. पण गुरुवारी ती बाकावर एका कुशीला भार देऊन बसली होती, जमिनीवर बसायची सवय असलेल्या बाया खुर्चीवर बसतात तशी. शुक्रवारी तिचा डावा हात बाकावर टेकलेला होता. चार बोटं दिसत होती. अंगावरचा करडा कोट आता कोट म्हणता येत नव्हता. कमरेशी तो खोचलेला होता.

मला भीती वाटली नाही. हे मी ठामपणे लिहिते, कारण त्याचंच मला नंतर जास्त आश्चर्य वाटलं. बाबांच्या आजारपणात रोज कॉलेजातून आल्याबरोबर मी त्यांच्या खोलीत डोकावत असे, तशी मी डोकावू लागले. हनुवटी आणि हसण्याआधीचं तोंडही तिच्याकडे गेलंच असणार. पाठमोऱ्या बाईत ते दिसणार कुठून?

शनिवारी कपाटावर हात घालून मी ते पोस्टर काढलं, भिंतीवरचं सोडून ज्या एकाचंच कार्ड राहिलं होतं. बाबांनी शेवटचं टांगलेलं, मी चुन्यासाठी उतरवलेलं. विहिरीवरच्या तीन बाया. मागे डिसेंबरातली तारीख होती. अक्षर हललेलं होतं.

"तीळ राहिला. कुठंच सापडत नाही. चारूजवळ आहे. राहू दे."

मी ते पुष्कळदा वाचलं. बाकी सगळ्या पोस्टरांमागे बाबांनी नुसत्या नोंदी केल्या होत्या. इथे ते कोणाशी तरी बोलत होते. कोणाशी, ते मला कळलं नाही. पण कोणीतरी मागितल्याशिवाय माणूस 'राहू दे' म्हणत नाही.

बाहेरच्या खोलीत आत्या पाय पसरून बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आत्या, माग रिकामा झाला तर काय करायचे?"

"काय करतील? पहिल्यापासून भराचा. दोन-दोन दिवस जायचे." ती गुडघे चोळत होती. "एकट्याचं काम नाही ते. मागून एकानं धागा द्याचा, पुढून दुसऱ्यानं आकडीनं ओढाचा. तुहा बाप मागून दे, कुसुम पुढून घे. मधात सारे धागेच धागे. एकमेकाचं तोंड नाही दिसे, खाली बोटं दिसत. अन् एक धागा जरी राहिला नं, सारं कापड फसते."

"मग?"

"मंग काय? तुहा बाप धागा पुढे करे अन् म्हणे, घे. ती वढून घे. तो म्हणे, घे. दिवसभर तेच. घे, घे, घे. मी म्हणो, जेवाले तं या रे बाबा, का धागेच खाता?" ती हसली आणि मग पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता टेम्पो येणार होता. एकशे सोळा पोस्टरं जाणार होती, आणि त्यांतलं जे अजून निघालं नसेल तेही. घाट्यांना शब्द दिलेला होता. मी आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले, बाबा बसत त्या जागी. ऊन भिंतीवरून सरकत बाकापर्यंत आलं होतं. बाईच्या डाव्या कानामागे केस सारलेले होते. तिथली त्वचा कोरी होती.

मी अडतीस वर्षांची होते. दार लोटून घेतलं, कारण आत्यानं ऐकलं असतं तर मला लाज वाटली असती.

"बाबा राहू दे म्हणतात," मी म्हणाले. "पण मला तुला पाहायचं आहे."

बाहेर रस्त्यावर भाजीवाल्याचा हातठेला गेला. तो दूर जाईपर्यंत मी थांबले.

"घे," मी म्हणाले.

काही झालं नाही. ऊन उतरलं. मी उठून कणीक भिजवली.

रविवारी सकाळी लवकर जाग आली. आत्यानं पाणी तापवलं होतं आणि वाटीत तेल कोमट करून ठेवलं होतं. "ये, डोक्याले तेल लावून देतो. लोक येणार आहेत, अन् तू भूत दिसून राहिली." मी अंगणात पाटावर बसले. साडेसात झाले असतील. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कोणाच्या तरी बकऱ्या चरत होत्या.

आत्याची बोटं अजून जोरकस आहेत. टाळू, कपाळ, मग कानाशी. डाव्या कानाची पाळी तिनं पुढे दुमडली. बोट थांबलं. मग तिनं अंगठ्यानं ती जागा घासली.

"काय झालं?"

"थांब वं." तिनं माझं डोकं उन्हाकडे वळवलं. मोतीबिंदू काढून जाड चष्मा लागल्यापासून तिला जवळचं चांगलं दिसतं. पदराच्या टोकानं तिनं कानामागचं तेल पुसून पाहिलं. दोनदा.

"चारू," ती म्हणाली, "तुहा तीळ कुठी गेला?"

मी हात कानामागे नेला.

"इथंच होता. माह्या बोटाले माहीत आहे." तिचा आवाज लहान झाला होता. "असा कुठी जाते काय तीळ?"

"वेणी घाल, आत्या," मी म्हणाले.

तिनं तीन पेड घेतले. वेणी घट्ट घातली, लहानपणी घालायची तशी. टोकाला रिबिन नव्हती. तिनं आपल्या पदराच्या दशांतला एक धागा तोडून बांधला.

मी उठले. आतल्या खोलीचं दार रात्री मी लोटलं होतं, ते तसंच होतं. खळीचा वास आला. ताज्या, नुकत्या शिजलेल्या खळीचा.

बाक होता. समोरची फिकी भिंत होती. बाईही बाकावरच होती; तिची पाठ मात्र आता दिसत नव्हती.